अंगणातले इंजिन

भिलाईच्या माणसाला वजनाचे नवल वाटत नाही, असा बाहेरच्या लोकांचा समज आहे. त्यात थोडे तथ्यही आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाच्या साहाय्याने येथे पोलाद कारखाना उभारण्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून या गावात वजन टनांत मोजले जाते. देशभर ज्या रुळांवरून आगगाड्या धावतात, त्यांतील फार मोठा भाग येथे घडलेला असतो. किलोच्या मापाने मोजायची वस्तू म्हणजे भाजी आणि तांदूळ. असे असूनही शंभर-सव्वाशे किलोंची एखादी लोखंडी वस्तू घराच्या अंगणात, चार माणसांच्या बळावर उचलायची वेळ आली, म्हणजे भिलाईकरही विचारात पडतो. कारखान्यातली क्रेन कितीही मोठी असली, तरी ती आपल्या अंगणात येत नाही.

आमचे घर रुआबांधा सेक्टरमध्ये आहे. एकसारख्या क्वार्टरांच्या रांगा, प्रत्येक घरापुढे थोडी मोकळी जागा, एखादे आंब्याचे किंवा पेरूचे झाड आणि पायाखाली तांबडा मुरूम. बाबा मूळचे भंडारा जिल्ह्यातले. विदर्भातून रेल्वेच्या वाटेने कामासाठी भिलाईला आलेली मराठी कुटुंबे येथे बरीच आहेत. कारखान्याचा चाळीस लाख टनांपर्यंत विस्तार होत होता, त्या १९८०च्या दशकात बाबा येथे रिगर म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत तेच काम त्यांनी केले.

रिगर म्हणजे काय, हे मला शाळेत असताना नीट सांगता येत नसे. इतर मुलींचे वडील भट्टीवर किंवा रूळ गिरणीत असत. माझे वडील ‘सामान उचलतात’ असे मी सांगे आणि मुली हसत. पुढे कळले, की प्रत्यक्षात ते काहीच उचलत नसत. उचलते क्रेन. कोणता भार कोठे बांधायचा, त्याचा तोल कोठे येईल, तो किती वर न्यायचा आणि कोठे टेकवायचा, हे रिगर ठरवतो. कारखान्यात आवाज एवढा असतो, की उंचावर बसलेल्या क्रेनचालकाला खालून हाक मारून उपयोग नसतो. त्यामुळे सगळे बोलणे हातांनी चालते. कोपरापासून हात उभा धरून तर्जनीने लहान वर्तुळ काढले, की ‘वर घे’. हात खाली सोडून बोट जमिनीकडे फिरवले, की ‘खाली सोड’. हात आडवा पसरून तळवा जमिनीकडे केला, की ‘थांब’. यांतला ‘थांब’ हा इशारा कोणीही दिला तरी पाळावा लागतो. मग तो देणारा साहेब असो की झाडूवाला. हा नियम मला फार आवडतो. इतर कचेऱ्यांतही तो असायला हरकत नव्हती.

अंगणात उभी असलेली गाडी प्रीमियर पद्मिनी, १९९४ सालची, फिकट निळ्या रंगाची. ती घेतली तेव्हा भिलाई मध्य प्रदेशात होती. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले आणि आमच्याप्रमाणे गाडीचाही प्रांत बदलला. पद्मिनीचे कुळ मात्र महाराष्ट्रातले. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने ही गाडी तयार होऊ लागली. आरंभी तिचे नाव फियाटच होते. ‘पद्मिनी’ हे नाव १९७०च्या दशकातले. जुन्या लोकांच्या तोंडी ती अखेरपर्यंत फियाटच राहिली. १०८९ घनसेंटीमीटरचे, चार सिलिंडरांचे साधे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच जोडलेला गिअर आणि बॉनेट उघडले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसेल व हाताला लागेल अशी रचना. आजच्या गाड्यांचे बॉनेट उघडले, तर वर प्लॅस्टिकचे झाकण दिसते आणि त्याखाली काय चालले आहे, हे संगणकालाच ठाऊक असते.

२०२१ साली बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात व पाय दुबळा झाला आणि वाचा गेली. डॉक्टरांनी त्याला वाचाघात म्हणतात असे सांगितले. मेंदूच्या डाव्या भागात भाषेची केंद्रे असतात. तेथे इजा झाली, की माणसाला पुष्कळसे कळत असते, पण शब्द जिभेवर येत नाहीत. वर्षभरात बाबा काठी घेऊन चालू लागले. शब्द मात्र दोन-तीनच परतले, आणि तेही वेळेवर येत नसत. ‘पाणी’ म्हणायचे असताना ‘हो’ म्हणत, आणि आपण चुकीचा शब्द बोललो हे त्यांना लगेच कळे. मग ते मान फिरवून खिडकीबाहेर पाहत. हळूहळू आम्ही त्यांना विचारणे कमी केले. कोणी ठरवून तसे केले नाही. उत्तर देताना त्यांना होणारे कष्ट पाहवत नसत, म्हणून प्रश्नच गाळला जाई. घरात नवा पंखा आला, आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन ठरले, धाकट्या भावाने नोकरी बदलली. बाबांना सगळे सांगितले गेले. विचारले काहीच गेले नाही.

गाडीचेही तसेच होणार होते. ती निळसर धूर सोडू लागली होती. निळसर धूर म्हणजे इंजिनातले तेल पेट्रोलबरोबर जळत असल्याची खूण. सिलिंडरच्या आतल्या भिंती आणि पिस्टनवरच्या रिंगा झिजल्या, की तेल फटीतून वर चढते आणि जळते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. अशा धुराची गाडी तपासणीत उतीर्ण होणे शक्य नव्हते. उपाय एकच होता. इंजिन बाहेर काढायचे, त्याचा ब्लॉक यंत्रशाळेत नेऊन सिलिंडर नव्याने कोरून घ्यायचे आणि त्यात किंचित मोठे पिस्टन बसवायचे. नुसत्या रिंगा बदलायच्या असत्या, तर इंजिन जागेवर ठेवूनही भागले असते. कोरण्यासाठी मात्र ब्लॉक मोकळा हवा. एका गॅरेजने जुन्या गाडीचे काम घेत नाही असे सांगितले. दुसऱ्याने एवढी रक्कम सांगितली, की तेवढ्यात तशी आणखी एक जुनी गाडी आली असती. भावाने भंगारवाल्याला बोलावले.

डिसेंबर २०२२ मधली ती सकाळ. भंगारवाला टायर दाबून पाहत होता. बाबा व्हरांड्यातल्या खुर्चीवरून उठले, काठी टेकत गाडीपाशी आले आणि त्यांनी डाव्या हाताने बॉनेटवर दोनदा थाप मारली. मग तोच हात कोपरात उभा धरून त्यांनी तर्जनीने वर्तुळ काढले. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा. आम्हांला वाटले, त्यांना चक्कर येत आहे. आई पाण्याचा पेला घेऊन धावली. शेजारचे काका कुंपणावर हात टेकून पाहत होते. तेही बाबांच्याच विभागातून निवृत्त झालेले, धमतरीकडचे, तीस वर्षांच्या सहवासाने मोडके मराठी बोलणारे. छत्तीसगडीत वडीलधाऱ्या माणसाला ‘सियान’ म्हणतात. ते हसून म्हणाले, “अरे, कसली चक्कर? सियान हॉइस्ट म्हणतो! इंजिन वर घ्या म्हणतो!”

बाबांनी त्यांच्याकडे पाहिले. इतक्या महिन्यांत त्यांचे म्हणणे पहिल्या प्रयत्नात कोणाला तरी कळले होते. भंगारवाला रिकाम्या हातांनी परत गेला.

इंजिन काढायचे म्हणजे ते उचलायचे, असे ऐकणाऱ्याला वाटते. प्रत्यक्ष उचलणे हे अर्ध्या-पाऊण तासाचे काम. त्याआधी आमचे दोन रविवार सोडवण्यातच गेले. इंजिन गाडीशी किती ठिकाणी बांधलेले असते, हे ते सोडवल्याखेरीज उमगत नाही. कोठे पाण्याच्या नळ्या, कोठे पेट्रोलची नळी, कोठे तारा, कोठे धुराचा पाइप. घरी येऊन काम करणारे एक वयस्कर मिस्त्री आम्हांला मिळाले. त्यांनी आरंभी बॅटरीची अर्थची तार काढली. ती काढण्याआधी दुसऱ्या कशालाही हात लावू देईनात. पाना एका टोकाने बॅटरीला आणि दुसऱ्या टोकाने गाडीच्या लोखंडाला लागला, तर ठिणगी उडते आणि पेट्रोल जवळच असते. नंतर रेडिएटरचे पाणी आणि इंजिनातले तेल पातेल्यांत काढून घेतले. तेल डांबरासारखे काळे होते. बॉनेट उतरवण्यापूर्वी मिस्त्रींनी बिजागऱ्यांभोवती खडूने रेघ ओढली. बॉनेट परत बसवताना ते त्या रेघांत बसवले, की फट वाकडी राहत नाही. रेडिएटर निघाला तेव्हा इंजिनाच्या पुढे एक ऐसपैस पोकळी तयार झाली. पेट्रोलच्या नळीचे तोंड लाकडी खुंटीने बंद केले.

निघालेला प्रत्येक नट-बोल्ट कोठला, हे लक्षात ठेवणे माझ्याकडे होते. मी बँकेत काम करते. नोंदी ठेवण्याची सवय आहे. आईच्या लोणच्याच्या अकरा रिकाम्या बरण्या मी मागून घेतल्या आणि प्रत्येकीत चिठ्ठी टाकली: ‘रेडिएटर, खालचे दोन’, ‘डायनॅमो’, ‘धुराचा पाइप’. मिस्त्रींना वाचता येत नव्हते. त्यांनी खिशातून रंगीत दोऱ्यांची गुंडी काढली आणि सुटणाऱ्या प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाचा दोरा बांधत गेले. स्पार्क प्लगच्या चार तारांना मात्र त्यांनी गाठी मारल्या: एक गाठ, दोन गाठी, तीन, चार. या इंजिनात ठिणगी १-३-४-२ या क्रमाने पडते. तो क्रम त्यांना पाठ होता आणि मी तो वहीत उतरवून घेतला. बरण्यांसाठी माझ्या चिठ्ठ्या आणि तारांसाठी त्यांचे दोरे, अशी वाटणी झाली.

धुराच्या पाइपाचे नट गंजून बोल्टाशी एकजीव झाले होते. जोर लावला असता तर बोल्टच तुटला असता. त्यांवर रॉकेल सोडून रात्रभर ठेवले; सकाळी त्यांतले दोन सुटले, तिसऱ्याला पुन्हा एक रात्र लागली. गंजलेल्या नटाशी भांडण करणारा माणूस नेहमी हरतो, असे मिस्त्री म्हणाले.

आता प्रश्न टांगण्याचा. भावाचे म्हणणे, अंगणातल्या आंब्याची आडवी फांदी चांगली मांडीएवढी जाड आहे, तिला कप्पी बांधू. पुष्कळ ठिकाणी असे करतात, आणि पुष्कळदा ते निभावूनही जाते. बाबांनी फांदीकडे पाहिले आणि हात आडवा केला. थांब. मग भावाने व्हरांड्याच्या स्लॅबमधल्या पंख्याच्या कडीकडे बोट दाखवले. पुन्हा हात आडवा. झाडाची फांदी आतून किती पोखरलेली आहे हे बाहेरून दिसत नाही, आणि मोडण्यापूर्वी ती सूचना देतेच असे नाही. पंख्याची कडी पंख्यासाठी असते.

पॉवर हाउसकडे विहिरींवर पंप बसवण्याचे काम करणारा एक माणूस शेजारच्या काकांच्या ओळखीचा होता. खोल बोअरमधून पाइप वर काढण्यासाठी या लोकांकडे लोखंडी नळ्यांची तीन पायांची घोडी आणि एक टनाची साखळीकप्पी असते. दिवसाच्या भाड्याने दोन्ही मिळाली. उभी केल्यावर घोडी घराच्या छज्जाहून उंच दिसू लागली.

तिचा एक पाय गाडीच्या पुढे आणि दोन पाय गाडीच्या दोन बाजूंना, असे आले. भार टांगला, की तिन्ही पाय बाहेरच्या बाजूला फाकू पाहतात. जितके ते आधीच फाकलेले, तितका हा जोर अधिक. म्हणून प्रत्येक पायासाठी मुरुमात वीतभर खड्डा खणला आणि तिन्ही पाय खालच्या बाजूला जाड दोराने एकमेकांशी बांधले. दोन बाजूंच्या पायांमधला दोर गाडीच्या पोटाखालून गेला. गाडीची पुढची चाके नंतर त्यावरून मागे जाणार होती, म्हणून जमिनीत उथळ चर खणून तो दोर त्यात बसवला. हे सगळे बाबांनी काठीच्या टोकाने जमिनीवर रेघा ओढून सांगितले. पुढे त्यांनी वाळूच्या गोण्यांकडे काठी केली. शेजारी बांधकाम चालू होते, तेथून चार गोण्या आणल्या आणि त्या एकत्र बांधून घोडीला टांगल्या. दोनशे किलो तरी असतील. त्या पाच मिनिटे तशाच लोंबत ठेवून बाबा तिन्ही पायांभोवती फिरले. इंजिनाहून जड वस्तू ज्याने पेलली, तो इंजिन पेलेल. ही परीक्षा त्यांनी आयुष्यभर घेतली होती.

विहिरीवरची कप्पी आपण सर्वांनी पाहिली आहे. ती दोराची दिशा बदलते. वर ओढण्याऐवजी खाली ओढायला मिळते, एवढेच तिचे काम. घागर जितकी जड, तितकेच बळ लावावे लागते. साखळीकप्पीत तसे नसते. तिच्या आत लहान-मोठी दातेरी चाके असतात. हाताची साखळी पुष्कळ ओढावी तेव्हा भाराची साखळी थोडीशी वर सरकते. शंभर किलोंचे काम चार-पाच किलोंच्या ओढीत होते, परंतु त्याची किंमत अंतराने मोजावी लागते. भार एक वीत वर येण्यासाठी कित्येक हात साखळी खाली यावी लागते. बळ आणि अंतर यांचा हा सौदा मनुष्याला फार पूर्वी कळला आहे; अनेक कप्प्या जोडून आर्किमिडीजने एकट्याने जहाज ओढून दाखवले, अशी कथा प्राचीन ग्रंथांत आहे. या यंत्राचा दुसरा गुण मला अधिक मोलाचा वाटतो. ओढणाऱ्याने साखळी हातातून सोडली, तरी भार खाली येत नाही. आतला ब्रेक त्याला तेथेच धरून ठेवतो. विहिरीचा दोर सुटला तर घागर तळाला जाते. येथे दमलेल्या माणसाला घाम पुसायला सवड मिळते.

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी सकाळी आम्ही उभे राहिलो. गिअरबॉक्स गाडीतच ठेवायचा होता; त्याच्याखाली जॅक आणि लाकडी ठोकळा लावून त्याला आधार दिला होता. इंजिनाच्या दोन टोकांना, गोणपाटाची घडी घालून, साखळीचा फास बसवला. बाबा पुढच्या बाजूला दहा पावलांवर उभे राहिले. भाराखाली कोणी जायचे नाही, हात किंवा पाऊलसुद्धा नाही, हे काकांनी सर्वांना दोनदा बजावले. भाऊ साखळीपाशी, मिस्त्री व शेजारची दोन मुले गाडी मागे ढकलण्यासाठी, मी बॅटरी घेऊन इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या फटीवर लक्ष ठेवायला.

बाबांची तर्जनी फिरली. साखळी खडखडत खाली येऊ लागली आणि फासातला ढिलेपणा गेला. इंजिनाचा भार कप्पीवर आल्यावर मिस्त्रींनी त्याला खाली धरणारे शेवटचे बोल्ट काढले. आता एक नाजूक काम होते. गिअरबॉक्समधून एक दांडा इंजिनाच्या क्लचमध्ये शिरलेला असतो. इंजिन त्या दांड्यावरून सरळ पुढे सरकले पाहिजे. ते तिरके उचलले, तर सारे वजन त्या दांड्यावर येऊन तो वाकतो. इंजिन तर टांगलेले. मग पुढे सरकायचे कोणी? बाबांनी डावा तळवा मागे लोटल्यासारखा केला. ढकलायचे होते ते इंजिन नव्हे, गाडी. मुलांनी मडगार्डला हात लावून गाडी बोटभर मागे सरकवली. फट दिसू लागली. आणखी दोन बोटे. दांडा मोकळा होत होता.

पुन्हा तर्जनी वर. भावाने साखळी ओढली. इंजिन वीतभर वर आले आणि एका अंगाला कलले. भाऊ ओढतच होता. बाबांचा हात आडवा झाला. भावाचे लक्ष साखळीकडे होते, मी ओरडले, “थांब!” बाबा काठी उचलून फासाच्या डाव्या बाजूकडे दाखवत होते. त्या बाजूची साखळी सतारीच्या तारेसारखी ताठ आणि उजवीकडची सैल होती. काहीतरी इंजिनाला खाली धरून ठेवत होते. मिस्त्रींनी बॅटरीच्या उजेडात वाकून पाहिले. इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी तांब्याच्या विणीची पट्टी तशीच लागलेली होती. तेलाच्या काळ्या थरामुळे ती वेगळी ओळखूच येत नव्हती. इंजिन किंचित खाली सोडून पट्टी काढली. बाबांना दहा पावलांवरून ती पट्टी दिसणे शक्य नव्हते. त्यांना दोन साखळ्यांमधला फरक दिसला होता.

आता इंजिन गाडीच्या पुढच्या पत्र्यावरून पलीकडे न्यायचे होते. मध्ये चार बोटांचेही अंतर नव्हते. बाबांनी बोट फिरवायला सुरुवात केली आणि त्याच वेळी त्यांचा उजवा खांदा हलला. हात छातीपर्यंत आला आणि गळून पडला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. काका माझ्या कानाशी म्हणाले, “धीरे म्हणायचे आहे त्याला. धीरेला दोन हात लागतात.” रिगरांच्या भाषेत ‘सावकाश’ हा स्वतंत्र इशारा नाही. एका हाताने ‘वर’ किंवा ‘खाली’ म्हणायचे आणि दुसरा तळवा त्या हातासमोर स्थिर धरायचा. ‘वर, पण सावकाश.’ बाबांना एकच हात होता.

आई त्यांच्या बाजूला उभी होती. ते पडू नयेत म्हणून ती सकाळपासून तेथून हलली नव्हती. बाबांनी डाव्या हाताने तिचे मनगट धरले, तिचा तळवा आपल्या छातीसमोर आणला, तसाच राहू दे असे डोळ्यांनी सांगितले आणि त्या तळव्यामागे आपली तर्जनी फिरवू लागले. आईला त्या इशाऱ्याचा अर्थ ठाऊक नव्हता. तरी तिने हात जराही हलू दिला नाही. भावाने एकेक कडी मोजल्याप्रमाणे साखळी ओढली. इंजिनाचे पोट पुढच्या पत्र्याला न लागता वर आले.

हात आडवा. सर्व स्तब्ध. मग बाबांनी पुन्हा तळवा मागे लोटला आणि मुलांनी गाडी ढकलली. पुढची चाके चरीतल्या दोरावरून गेली, गाडी हळूहळू मागे जात आंब्याच्या सावलीत शिरली आणि घोडीच्या मधोमध, मोकळ्या हवेत, इंजिन एकटे लोंबत राहिले. गाडीतून इंजिन काढले असे आपण म्हणतो. अंगणात घडले ते उलट. इंजिन जागच्या जागी होते, त्याच्याखालून गाडी निघून गेली होती. जुन्या टायरवर लाकडी ठोकळे ठेवून इंजिन खाली टेकवले तेव्हा अकरा वाजले होते. काकांनी सवयीने बाबांना शिफ्ट संपल्यासारखा सलाम केला.

पुढचे थोडक्यात. ब्लॉक सुपेल्याच्या एका यंत्रशाळेत नेला. सिलिंडर मापाबाहेर झिजले होते, पण कोरण्याइतकी जाडी शिल्लक होती. मोठ्या मापाचे पिस्टन नागपूरला जुन्या सुट्या भागांच्या दुकानात मिळाले. इंजिन परत बसवणे काढण्यापेक्षा अवघड गेले. तो दांडा क्लचमध्ये नेमका शिरेपर्यंत अख्खी दुपार गेली आणि त्या दिवशीही आईचा तळवा बाबांच्या बोटासमोर होता. मार्चमध्ये गाडी तपासणीत उतीर्ण झाली. त्याच वर्षी मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सींची वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या. बातमीत काळ्या-पिवळ्या गाड्यांचे चित्र होते. बाबा ते बराच वेळ पाहत होते.

त्यांचे बोलणे परत आले नाही. उपचार करणाऱ्या बाईंना आम्ही इशाऱ्यांचे सांगितले, तेव्हा त्यांनी काकांना बोलावून घेतले आणि सारे इशारे वहीत काढून घेतले. आता घरात ते सर्वांना येतात. दूध उतू जाऊ लागले, की बाबा व्हरांड्यातून बोट जमिनीकडे फिरवतात आणि आई गॅस कमी करते. जेवताना पानात जास्त पडले, की हात आडवा होतो. ‘सावकाश’ म्हणायचे झाले, तर जो जवळ असेल तो आपला तळवा पुढे करतो. गेल्या दिवाळीत घराला रंग देताना लोखंडी कपाट हलवायचे होते. भावाने ते लगेच ओढायला सुरुवात केली नाही. आधी बाबांची खुर्ची आत आणून ठेवली आणि मग त्यांच्या हाताकडे पाहत उभा राहिला.

बरण्या मात्र वर्षभर अडकून पडल्या होत्या. सगळे बोल्ट जागेवर गेल्यावरही त्यांतल्या दोन बरण्यांत काही वॉशर उरले. ते कोठले, हे माझ्या चिठ्ठ्यांवरून कळत नाही आणि मिस्त्री म्हणतात, जुन्या गाडीत एवढे जास्तीचे असायचेच. कैऱ्यांचा हंगाम आला तेव्हा आईने बरण्या गरम पाण्याने तीनदा धुतल्या, हुंगून पाहिल्या, आणि नऊ बरण्यांत लोणचे घातले.